स्टिरिओचा फ्यूज वारंवार उडतोय? आधी तो नेमका कधी उडतो ते बघा

कार स्टिरिओचा फ्यूज एकदा गेला तर नवीन टाकावा आणि विसरून जावं. आतली पट्टी वर्षानुवर्षं गरम-गार होऊन थकते, कधीतरी विनाकारणही तुटते. पण नवा फ्यूजही गेला तर तिसरा खोचण्याआधी थांबा. आता दोष फ्यूजचा नाही, सर्किटचा आहे, आणि तो शोधल्याशिवाय जाणार नाही.

गाडी माझ्याकडे येईपर्यंत बऱ्याच मंडळींनी दोनपैकी एक उद्योग करून झालेला असतो. एक तर डबीभर फ्यूज आणून गेला की टाक, गेला की टाक. नाहीतर 10 अँपिअरच्या जागी 20, मग 30, आणि तोही हाताशी नसेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून खोचलेली. हा दुसरा उद्योग गाडी पेटवू शकतो. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. 10 अँपिअरच्या फ्यूजमागे कंपनीने त्याच बेताची बारीक वायर ओढलेली असते आणि ती डॅशबोर्डच्या आत इतर वीस-पंचवीस वायरींच्या जुडग्यात बांधलेली असते. तिथे 30 चा फ्यूज टाकला की शॉर्टच्या वेळी फ्यूज शाबूत राहतो, वायर तापून लाल होते आणि शेजारणींचं आवरणही वितळवते. मग प्रश्न स्टिरिओचा राहत नाही, अख्खं डॅश वायरिंग बदलायचा होतो.

म्हणून हात घालण्याआधी फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा आकडा आणि जागेवरच्या फ्यूजचा रंग जुळतोय का ते बघा. पट्टीच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: 5 खाकी, 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पारदर्शक, 30 हिरवा. झाकणावर 10 आणि खाली हिरवा बसलेला दिसला, तर आधीच्या मालकाने किंवा मेकॅनिकने हाच त्रास भोगलाय आणि शोधायचा कंटाळा केलाय, एवढं पक्कं समजा.

आधी लायटरचा सॉकेट

पॅनल उघडण्याआधी हे फुकटचं काम उरका. अनेक छोट्या गाड्यांमध्ये सिगारेट लायटरचा म्हणजे मोबाइल चार्जिंगचा सॉकेट आणि स्टिरिओ एकाच फ्यूजवर असतात. फ्यूज सॉकेटमुळे जातो आणि नाव स्टिरिओचं होतं.

सॉकेटच्या तळाशी मधोमध बारा व्होल्ट आणि आजूबाजूची भिंत म्हणजे अर्थ, बॉडीला जोडलेली निगेटिव्ह बाजू. त्यात एक रुपयाचं नाणं पडलं की दोघांची गाठ पडते. फास्टॅग आल्यापासून टोलची चिल्लर गाडीत कमी लोळते, पण पार्किंगची असतेच. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. नाणं दिसलं तर फ्यूज काढून मगच चिमट्याने उचला. नाण्याइतकाच नेहमीचा दुसरा गुन्हेगार म्हणजे स्वस्त चार्जर. त्याच्या टोकाची टोपी सैल होते आणि आतली बारीक स्प्रिंग सॉकेटमध्येच राहते. ती काळवंडलेली असते, पटकन दिसत नाही. चार्जर, डॅशकॅम, हवा भरायचा पंप, जे काही त्या सॉकेटला लावता ते सगळं काढून नवा फ्यूज टाका. टिकला, तर एकेक वस्तू परत लावून बघा. निम्म्यावर कामं इथेच संपतात.

उडालेला फ्यूज फेकू नका

तो उजेडाकडे धरून नीट बघा. प्लास्टिकच्या आत चंदेरी-काळी वाफ बसल्यासारखा डाग आणि पट्टी जवळजवळ नाहीशी झालेली, तर करंट एकदम प्रचंड आला होता, म्हणजे तांबं थेट बॉडीला टेकलं होतं. पट्टी मध्ये सावकाश वितळून दोन टोकांना थेंब गोठलेले आणि प्लास्टिक जरा मऊ पडून वाकलेलं, तर भार थोडाच जास्त होता पण बराच वेळ टिकून होता. या दोन्हींत शोधायची जागा वेगवेगळी.

यामागे साधा हिशेब आहे. पट्टीचा फ्यूज लिहिलेल्या आकड्याला लगेच तुटत नाही. 135 टक्के भाराला तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत कधीही तुटावा, दुप्पट भाराला पाच सेकंदांच्या आत, असं मानक आहे. म्हणजे 10 चा फ्यूज साडेतेरा अँपिअर दोन गाणी होईपर्यंत सहज खेचू शकतो. याउलट वायर बॉडीला टेकली तर वाटेतला रोध 0.1 ओहम धरला तरी 12 व्होल्टला 120 अँपिअर होतात. तिथे फ्यूज डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो. तेव्हा चावी फिरवताक्षणी गेलेला फ्यूज आणि दुसऱ्या गाण्याला गेलेला फ्यूज हे दोन निराळे आजार आहेत.

उडतो कधी?

मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि उत्तर ठरलेलं असतं, "कधीपण उडतो हो." असं सहसा नसतं. खोदून विचारलं की निघतं: चावी फिरवल्यावर, आवाज वाढवल्यावर, पाऊस पडून गेल्यावर, स्पीडब्रेकरला आदळल्यावर. तो क्षण सापडला की अर्धं वायरिंग तपासायची गरजच राहत नाही.

स्टिरिओला वीज दोन वाटांनी जाते. एक वाट बॅटरीकडून कायमची, बाहेरून बसवलेल्या सेटवर तिची वायर पिवळी असते. घड्याळ आणि लावलेली स्टेशनं तीच सांभाळते, आणि ॲम्प्लिफायरचा सगळा जोरही तिच्यातूनच येतो. दुसरी वाट चावीवरची, लाल वायर. ती बहुतेक सेटमध्ये नुसतं "चालू हो" एवढंच सांगते, तिच्यातून करंट नाममात्र जातो. काळी अर्थ. निळी अँटेनाला, निळी-पांढरी बाहेरच्या ॲम्प्लिफायरला जागं करायला, नारिंगी पार्किंग लाइटबरोबर पडद्याचा उजेड कमी करायला. हे रंग सेटच्या बाजूचे. गाडीच्या बाजूला प्रत्येक कंपनीची रंगपंचमी निराळी, तिथे रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, मीटर लावून बघा.

आता बऱ्याच गाड्यांत या दोन वाटांना दोन फ्यूज असतात. कायमच्या वाटेचा फ्यूज चावी बंद असतानाही खोचताक्षणी उडत असेल, तर पिवळी वायर कुठेतरी टेकलीय, किंवा सेटच्या आत वीज शिरते तिथेच शॉर्ट आहे, किंवा त्याच फ्यूजवरचा केबिनचा दिवा, डिकीचा दिवा यातलं काहीतरी बिघडलंय. चावीच्या वाटेचा फ्यूज चावी ॲक्सेसरीवर आणताच उडत असेल, तर सेटवर शेवटी संशय घ्या. लाल वायर इतका करंट खेचतच नाही, त्यामुळे वायर घासली असेल किंवा सॉकेट खराब असेल.

फ्यूज चावीला टिकतो पण सेटचं बटण दाबून चालू केल्यावर उडतो, तर निळी वायर बघा. ती सेट चालू झाल्यावरच जिवंत होते. तिच्यात फार दम नसतो, तिच्यावर एलईडी पट्टी किंवा पंखा जोडायचा नसतो, तरी लोक जोडतात. आणि पार्किंग लाइट लावल्यावर स्टिरिओ चालू राहतो पण मागचे दिवे जातात, असं होत असेल तर तो शॉर्ट नारिंगी वायरीचा आहे. ती कोणीतरी काळीशी जोडून ठेवलेली असते. फ्यूज टेल लॅम्पचा उडतो, दोष स्टिरिओच्या जोडणीचा, आणि मेकॅनिक मागचे बल्ब बदलत बसतो.

सेटच्या मागे स्वतःचा एक फ्यूज असतो, साधारण 10 किंवा 15 चा. तो बघायचं लोक विसरतात. गाडीतला शाबूत आणि मागचा गेलाय, तर दोष त्याच्या पुढे, म्हणजे सेटच्या आत किंवा सेट ज्यांना वीज देतो त्या स्पीकर-अँटेनाच्या बाजूला. गाडीतला जातो आणि मागचा कायम शाबूत, तर दोष बहुधा वाटेतल्या वायरीत.

फ्यूजऐवजी बल्ब लावा

शोधताना दर वेळी नवा फ्यूज जाळायची गरज नाही. उडालेला फ्यूज घ्या, त्याच्या दोन्ही पायांना दोन वायरी सोल्डर करा आणि दुसऱ्या टोकाला इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब होल्डरसकट लावा. हा फ्यूज जागेवर खोचला की वीज बल्बमधून जाते. पुढे शॉर्ट असेल तर सगळे बारा व्होल्ट बल्बवर येतात आणि तो लख्ख पेटतो, पण वायरीतून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ शकत नाही. कितीही वेळ ठेवा, वायर तापणार नाही. बल्ब मात्र तापतो, तो सीट कव्हरवर किंवा मॅटवर टेकवून ठेवू नका. एलईडीचा टेस्ट लॅम्प इथे चालत नाही, तारेचा बल्बच हवा.

बल्ब लख्ख पेटलेला असताना काम सोपं होतं. एकेक वस्तू सोडवत जा. जिच्यापाशी बल्ब विझला किंवा मंदावला, ती वाट दोषी. आधी सेटचा कपलर, म्हणजे मागचा वायरींचा जोड, काढा. बल्ब विझला, तर दोष सेटमध्ये किंवा सेटच्या पुढे. तसाच लख्ख राहिला, तर सेट निर्दोष, वायरिंगमध्ये शोधा. मग केबिनच्या दिव्याचा बल्ब काढा, सॉकेटची मागची वायर काढा, आणि बाहेरून लावलेल्या प्रत्येक वस्तूची जोडणी सोडवा. काहीच वेगळं होईना, तर एक माणूस बल्बकडे बघत बसवा आणि दुसऱ्याने वायरिंगचं जुडगं एकेक वीत करत हलवा, दाबा, वाकवा. बल्ब जिथे लुकलुकतो तिथेच आवरण फाटलेलं सापडतं.

नीट सेट जोडलेला असताना बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. सेटमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, भरतात तो क्षण असतो, त्याला शॉर्ट समजू नका. मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड सेट मात्र एवढ्या बल्बवर चालूच होत नाही, अर्धवट सुरू होऊन परत बंद पडतो. तिथे हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब लावा.

मीटरने का नाही करायचं? करता येतं, पण मीटर इथे फसवतो. कंटिन्युइटीची, म्हणजे वाट सलग असल्याची, शिटी बहुतेक मीटरमध्ये वीस-तीस ओहमच्या खालच्या कशालाही वाजते. केबिनचा 10 वॉटचा बल्ब थंड असताना दीड-दोन ओहमच दाखवतो, म्हणजे चांगला बल्बही शिटीवर शॉर्ट वाटतो. मीटरच लावायचा असेल तर फ्यूज काढून, बॅटरीची निगेटिव्ह सोडवून, फ्यूजच्या पुढच्या पायापासून बॉडीपर्यंत ओहम मोजा. आकडा हळूहळू चढत असेल तर कपॅसिटर भरतोय. 0.3-0.4 वर खिळून राहिला आणि कपलर काढूनही हलला नाही, तर वायर टेकलीय. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावल्यावर जो आकडा येतो तो वजा करायला विसरू नका. आणि मीटर अँपिअरवर ठेवून फ्यूजच्या जागी लावू नका. त्याचा स्वतःचा 10 अँपिअरचा फ्यूज जातो आणि तो गाडीच्या फ्यूजपेक्षा महाग पडतो.

पॅनल उघडताना एक इशारा. एअरबॅगचे कपलर आणि त्यांच्या वायरीवरचं आवरणही पिवळं असतं. स्टिरिओची पिवळी समजून त्याला टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही मिनिटं जाऊ द्या, मगच डॅशमध्ये हात घाला.

दोष सेटमध्ये निघाला तर

सगळ्यात आधी विचारा, मध्यंतरी बॅटरी बदलली होती का, जंपर लावून गाडी सुरू केली होती का. हे विचारल्यावर पुष्कळदा एकदम शांतता पसरते. बॅटरी क्षणभर जरी उलटी जोडली गेली, तरी सेटच्या आत शिरणाऱ्या वाटेवर एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवलेला असतो, तो पूर्ण मार स्वतःवर घेतो. उलट्या विजेला तो थेट अर्थचा रस्ता दाखवतो, फ्यूज उडतो आणि सेट वाचतो. पण त्या झटक्यात डायोड स्वतः कायमचा शॉर्ट होतो. मग बॅटरी सुलटी केली तरी प्रत्येक नवा फ्यूज खोचताक्षणी जातो. लोक सेट भंगारात काढतात, तेव्हा आत काही रुपयांचा एक डायोड मेलेला असतो.

झाकण उघडलं की पिवळी वायर जिथे बोर्डाला भेटते तिथे लोखंडी गाभ्यावर जाड तांब्याची तार गुंडाळलेली चोक कॉइल दिसेल. तिच्या आसपास काळा, एका टोकाला चंदेरी पट्टा असलेला जाड डायोड असतो. त्याचा एक पाय बोर्डावरून उचला आणि मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दोन्ही बाजूंनी मोजा. चांगला डायोड एका बाजूने 0.5-0.6 दाखवतो, उलट्या बाजूने काहीच नाही. मेलेला दोन्ही बाजूंनी शिटी वाजवतो. पाय न उचलता मोजलं तर बोर्डावरच्या बाकीच्या भागांमुळे आकडा चुकीचा येतो. बदली डायोड तीन अँपिअरचा घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला कोणत्याही सुट्या पार्टच्या दुकानात मिळतो. चंदेरी पट्टा ज्या बाजूला होता त्याच बाजूला ठेवा. काही कारागीर डायोड कापून टाकतात आणि सेट तसाच देतात. चालतो, पण पुढच्या वेळी बॅटरी उलटी लागली की अख्खा बोर्ड जातो.

डायोड चांगला निघाला तर पुढचा संशयित म्हणजे मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट दाबलेली ॲम्प्लिफायरची आयसी, म्हणजे चिप. ती आतून शॉर्ट झाली की वीज आणि अर्थ एक होतात. हिचे पाय बारीक आणि दाटीवाटीने असतात, घरच्या सोल्डरिंगने बोर्डाचे ट्रॅक उखडतात, हे काम टीव्ही-स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्याला द्या. पण आयसी बदलायच्या आधी ती गेली कशाने, ते बघायला सांगा. बहुतेक वेळा उत्तर स्पीकरच्या वायरीत असतं.

आवाज वाढवला की उडतो

आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. शांत असतानाही दोन्हींवर साधारण सहा व्होल्ट उभे असतात आणि यातली एकही वायर बॉडीला टेकता कामा नये. जुन्या टेपच्या जमान्यात स्पीकरची निगेटिव्ह सरळ बॉडीला बांधायची पद्धत होती. अजूनही कोणी हौसेने जपलेल्या, कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीत नवा ब्लूटूथ सेट बसवतो आणि जुनीच स्पीकर वायर वापरतो, तेव्हा हाच घोळ होतो. आयसीमध्ये शॉर्टपासून बचावाची सोय असते, म्हणून ती पहिल्याच दिवशी मरत नाही. आवाज तुटतो, सेट गप्प होतो, परत सुरू होतो. काही आठवडे असं चाललं की एक दिवस फ्यूज उडायला लागतो.

तपासायला सेटचा स्पीकरचा कपलर काढा, बाजारातल्या तयार आयएसओ जोडणीत तो तपकिरी असतो, विजेचा काळा. गाडीच्या बाजूच्या प्रत्येक स्पीकर वायरीपासून बॉडीपर्यंत मोजा, काहीच यायला नको. मग एकाच स्पीकरच्या दोन वायरींमध्ये मोजा, चार ओहमच्या स्पीकरला तीन ते चारच्या दरम्यान येतं. दीड-दोन आलं तर कोणीतरी एका वाटेवर दोन स्पीकर जोडलेत. शून्याजवळ आलं तर स्पीकरची कॉइल जळून चिकटली असेल, किंवा वायर दारात काचेच्या यंत्राखाली चिरडली असेल.

इथे खोक्यावरच्या "50 वॉट गुणिले 4" बद्दल दोन शब्द. 200 वॉट म्हणजे बारा व्होल्टला जवळजवळ 17 अँपिअर, आणि या जातीच्या ॲम्प्लिफायरमध्ये बरीच वीज उष्णतेत जाते, म्हणजे खरं तर त्याच्या दुप्पट लागतील. सेटच्या पाठीवर फ्यूज 10 किंवा 15 चा. तेव्हा तो 50 चा आकडा एका क्षणाच्या उसळीचा असतो, सलग आवाजाचा नाही. पण त्यावर भरवसा ठेवून मंडळी सबवूफरचा ॲम्प्लिफायरही स्टिरिओच्याच पिवळ्या वायरीवर जोडतात, आणि मग प्रत्येक ढोलाच्या ठोक्याला फ्यूज गरम होतो. तिथे शॉर्ट शोधू नका, मिळणार नाही. ॲम्प्लिफायरला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर ओढा आणि तिचा फ्यूज बॅटरीपासून फूटभराच्या आत लावा. फ्यूज डिकीत ॲम्प्लिफायरपाशी लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली.

पाऊस, उंदीर आणि दारं

जूनपासून या तक्रारी वाढतात. समोरच्या काचेखालची पाण्याची वाट पानांनी तुंबते, पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं आणि फ्यूज बॉक्सच्या मागे ठिबकतं. छतावरच्या अँटेनाच्या बुडाचं रबर वाळून तडकलं की पाणी अँटेनाच्या वायरीवरून खाली घरंगळत थेट स्टिरिओच्या मागे पोचतं. कोकणातल्या गाड्यांत तर खाऱ्या हवेने कपलरच्या पिनांवर हिरवी पूड चढते आणि दोन पिनांच्या मध्ये ती पूलच बांधते. पाऊस पडून गेल्यावर उडणारा आणि उन्हात दोन दिवस गाडी उभी राहिली की शहाण्यासारखा वागणारा फ्यूज असेल, तर छताचं अस्तर आणि पुढच्या मॅटखालचा फोम हाताने दाबून बघा. ओला लागला तर आधी पाणी थांबवा.

उंदरांचं तर काय सांगावं. बॉनेटमध्ये ऊब मिळते म्हणून येतात आणि ब्लोअरच्या वाटेने केबिनमध्ये शिरतात. ग्लोव्हबॉक्स उतरवला की मागे लेंड्या, कापसाचं घरटं आणि बोटभर सोलून ठेवलेल्या वायरी. सोललेली एकच वायर असते असं समजू नका. एका जुडग्यातल्या चार-पाच वायरी कुरतडलेल्या असतात आणि शेजारच्या पुढच्या पावसाळ्यात डोकं वर काढतात. सगळं जुडगं उलगडूनच बघा.

दारांची एक गोष्ट सांगतो. साताऱ्याकडचे एक काका गाडी घेऊन आले. तक्रार अशी की, "आजी उतरल्या की रेडिओ बंद पडतो." घरात त्याचा विनोद झाला होता, आजींना रेडिओ आवडत नाही म्हणून. बल्ब लावला, मागचं डावं दार उघडलं, काही नाही. आणखी ढकललं, अगदी शेवटपर्यंत, आणि बल्ब भक्कन पेटला. बाकीचे लोक दार अर्धवट उघडून उतरायचे, आजींना गुडघ्यामुळे पूर्ण उघडून लागायचं. दाराच्या तळाशी हौसेने लावलेला निळा दिवा होता. त्याची वायर स्टिरिओच्या पिवळीवरून घेतलेली, आणि दार व खांबाच्या मधल्या रबरी नळीतून नेण्याऐवजी बिजागरीच्या वरून तशीच ओढलेली. दार पूर्ण उघडलं की बिजागरीच्या पत्र्याची धार बरोबर तिच्यावर बसायची. आवरणाला केसाएवढी चीर होती. बाहेरून बघून कळलीच नसती, वायर वाकवल्यावर तांबं चमकलं.

अशा जागा ठरलेल्या आहेत: दाराची रबरी नळी, सीटचा सरकणारा रूळ, डिकीच्या झाकणाची बिजागरी, आणि सेट धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या चौकटीच्या कडा. सेट मागे सरकवून बसवताना वायरींचा गुंता चौकटीवर दाबला जातो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर काही महिन्यांत आवरण कापलं जातं. सेटच्या बाजूचे स्क्रूही बघा. मूळ स्क्रू हरवला म्हणून हाताला आलेला लांब स्क्रू लावला, तर त्याचं टोक सेटच्या आतल्या बोर्डाला टेकतं. किती लांबीचा चालतो ते सेटच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

जोडताना

फाटलेली वायर सापडली की तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून समाधान मानू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत साठ अंशांच्या वर तापमान जातं, पट्टीचा गोंद पाघळतो आणि ती उलगडून लोंबते. तेवढा तुकडा कापा, सोल्डर करा किंवा नीट दाबून जोडा, आणि वर तापवून आक्रसणारी नळी चढवा. नळी जोडायच्या आधी वायरीत ओवायची असते, हे सोल्डर झाल्यावर आठवतं. शेजारशेजारच्या दोन वायरींचे जोड एकाच रेषेत ठेवू नका, बोटभर मागेपुढे घ्या. वापरात नसलेली प्रत्येक वायर, विशेषतः निळी आणि नारिंगी, टोकाला बंद करा. पत्र्याच्या कडेवरून जाणाऱ्या जुडग्याला कापडी टेप गुंडाळा आणि पट्टीने बांधा, ते खुळखुळता कामा नये.

सगळं जोडल्यावरही पहिल्यांदा बल्बच लावा, फ्यूज नाही. चावी बंद, मग ॲक्सेसरी, मग सेट चालू, एफएम, पार्किंग लाइट, चारही दारं पूर्ण उघडझाक, सीट पुढेमागे. बल्ब कुठेही लख्ख पेटला नाही की झाकणावर लिहिलेल्या आकड्याचा फ्यूज टाका. इंजिन सुरू करून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, साधारण 13.8 ते 14.5 असावं. 15 च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय आणि दुरुस्त केलेला सेटही पुन्हा बिघडू शकतो. मग सेट नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात अर्धा तास वाजवा आणि फ्यूजला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. चटका बसला तर फ्यूज ज्यात बसतो ती खाच सैल झाली असेल, तिथे करंट जास्त नसतानाही फ्यूज तापून जातो.

पॅनल शेवटी बसवा. आणि बॅटरी काढली होती म्हणून काही गाड्यांचा कंपनीचा मूळ सेट आता चार आकडी कोड मागेल. तो गाडीच्या कागदपत्रांबरोबरच्या कार्डावर असतो, कार्ड नसेल तर सेटचा सीरियल नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. अंदाजाने आकडे दाबत बसू नका, चुकीचे बरेच झाले की सेट बराच वेळ कुलूपबंद होतो.